सकाळी लावलेलं अत्तर दुपारी कुठे जातं? न टिकणाऱ्या वासाचं निदान आणि दुरुस्ती

"वास छान आहे, पण टिकत नाही." घरी परफ्यूम बनवणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी ऐकावं लागतं. मला पहिल्यांदा ऐकवलं ते आत्याने. संत्रं, लिंबू, लॅव्हेंडर आणि जिरेनियम यांचं एक हलकंफुलकं मिश्रण करून मी मोठ्या ऐटीत तिला कुपी दिली होती. ती सकाळी डोंबिवलीहून लोकलने निघाली आणि दादरला उतरल्या उतरल्या फोन केला. "अरे, ठाणं यायच्या आत सगळं उडालं की! पाणी घातलंस का त्यात?"

पाणी घातलं नव्हतं. पण जे घालायला हवं होतं तेही जेमतेम नखभर होतं, ते म्हणजे बेस: चंदन-वाळ्यासारखे सावकाश उडणारे, शेवटपर्यंत उरणारे घटक.

त्यानंतर हाच प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. विचारणाऱ्याने तोवर एक उपाय हमखास करून पाहिलेला असतो: बाजारातून 'फिक्सेटिव्ह' (म्हणजे वास धरून ठेवणारं द्रव्य) लिहिलेली बाटली आणायची आणि तयार मिश्रणात शेवटी चार थेंब टाकायचे. भाजी अळणी झाली की वरून मीठ टाकावं तसं. त्याने फरक पडत नाही, पडला तरी कळण्याइतका पडत नाही. पैसे जातात ते वेगळेच.

आधी हे बघा: वास गेलाय की नाक थकलंय?

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. एकच वास सतत आला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. मासळीबाजारात शिरताना नाकाला पदर लागतो आणि दहा मिनिटांनी आपण निवांत घासाघीस करत असतो, तोच प्रकार. तुम्ही मानेला लावलेला वास तुमच्या नाकाखाली दिवसभर असतो, त्यामुळे सर्वात आधी तो तुम्हालाच येईनासा होतो. म्हणून दुपारी स्वतःला हुंगत बसू नका, बाहेरून आलेल्या माणसाला विचारा. माणूस नसेल तर सकाळी रुमालाच्या कोपऱ्याला थोडं लावून तो डब्यात बंद ठेवा आणि संध्याकाळी उघडा.

याहून चकवणारा एक प्रकार आहे. परफ्यूममधले काही मस्क, म्हणजे कस्तुरीसारख्या वासाचे कृत्रिम पदार्थ, काही लोकांना मुळात येतच नाहीत. नाक बाकी ठणठणीत असतं, पण तेवढा एक रेणू त्याला सापडत नाही. गॅलॅक्सोलाइड या सर्रास वापरल्या जाणाऱ्या मस्कबाबत हे पुष्कळ दिसतं. तुम्ही बेस म्हणून फक्त तोच घातला असेल आणि तुम्ही त्या लोकांपैकी असाल, तर तुमच्या लेखी बाटलीत बेसच नाही! घालून घालून तुम्ही प्रमाण वाढवता आणि शेजारच्याचं डोकं दुखायला लागतं. मस्क वापरायचाच असेल तर वेगवेगळ्या घडणीचे दोन घ्या आणि घरातल्या तिघा-चौघांना हुंगायला लावा.

पट्टीची परीक्षा

नाक निर्दोष सुटलं तर पुढची पायरी कागदाची. चित्रकलेच्या जाड कागदाच्या बोटाएवढ्या पट्ट्या कापा. एका टोकाला मिश्रणाचा एक थेंब लावा, दुसऱ्या टोकाला पेन्सिलीने वेळ लिहा आणि पंख्यापासून दूर ठेवा. ५ मिनिटं, अर्धा तास, २ तास, ६ तास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, अशा पाच वेळा हुंगा. प्रत्येक वेळी काय आलं ते एका ओळीत लिहा. लिहाच, कारण वासाची आठवण फार खोटं बोलते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीवर जे उरतं तो तुमचा बेस. काहीच उरलं नसेल तर निदान झालं. उरलंय पण ओळखू येत नाही इतकं पुसट असेल तर बेस आहे, पण अशक्त आहे. तिसरी शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही: सुरुवातीला लिंबू-संत्र्याचा भपकारा, अर्ध्या तासाने जवळजवळ शांतता आणि दोन तासांनी अचानक वाळा. म्हणजे वास गेला नव्हता, मध्ये खड्डा पडला होता. त्यावर बेस वाढवून उपयोग नाही, मधला पूल बांधावा लागतो. तो कसा, ते पुढे येईलच.

माझ्या त्या पहिल्या मिश्रणाची पट्टी दीड तासात जवळजवळ कोरा कागद झाली होती.

असं का होतं

टॉप, मिडल आणि बेस ही नावं वासाच्या दर्जाची नाहीत, उडून जाण्याच्या वेगाची आहेत. विल्यम पाउचर या इंग्रज परफ्यूमतज्ज्ञाने शेकडो सुगंधी पदार्थ पट्टीवर लावून ते किती टिकतात ते पाहिलं आणि प्रत्येकाला १ ते १०० मधला अंक दिला. १ ते १४ टॉप, १५ ते ६० मिडल, ६१ ते १०० बेस. चंदन, पॅचौली (पाचेसारख्या झुडपाचं तेल), व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारा पदार्थ) ही मंडळी थेट १०० वर. त्यापुढे त्याने मोजणं सोडून दिलं.

संत्र्याच्या तेलात बहुतांश असतं लिमोनीन. त्याचा रेणूभार १३६ आणि उत्कलनबिंदू सुमारे १७६ अंश सेल्सियस. चंदनातल्या सँटॅलॉलचा रेणूभार २२० आणि उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या आसपास. जड रेणू सावकाश उडतो, हलका पटकन. ढोबळ हिशेब इतकाच. पण वजनावर सगळं सोडू नका. लॅव्हेंडरमधल्या लिनालूलचा रेणूभार १५४ आणि व्हॅनिलिनचा १५२, म्हणजे व्हॅनिलिन किंचित हलकंच. तरी लिनालूल काही तासांत जातं आणि व्हॅनिलिन पट्टीवर कित्येक दिवस ठाण मांडून बसतं. कारण त्याचे रेणू एकमेकांना आणि आजूबाजूच्यांना घट्ट धरून ठेवतात. म्हणून तर ते खोलीच्या तापमानाला स्फटिक असतं आणि लिनालूल पातळ.

आता मूळ गैरसमजाकडे. "बेस घातला की लिंबू टिकेल." थोडं टिकेल. मिश्रणात एखाद्या पदार्थाच्या रेणूंचा वाटा जितका कमी तितका त्याचा उडण्याचा जोर कमी, हा राऊल्टचा नियम. निम्मे रेणू जड असले तर लिंबाचा जोर निम्म्यावर येईल. म्हणजे दहा मिनिटांची वीस मिनिटं होतील, सकाळची संध्याकाळ होणार नाही. लिंबाला सहा तास बांधून ठेवणारा दोर अजून कोणी वळलेला नाही. बेसचं खरं काम वेगळं आहे. लिंबू गेल्यावर त्वचेवर जे उरणार आहे ते तो स्वतः असतो. शिवाय तो पहिल्या मिनिटापासून मिश्रणात असतो, त्यामुळे लिंबू कसं लागतं हेही तोच ठरवतो. वाळ्यावरचं संत्रं आणि व्हॅनिलावरचं संत्रं शेजारी ठेवून हुंगा. पहिलं साल सोलल्यासारखं, दुसरं संत्र्याच्या गोळीसारखं.

मग बेस शेवटी टाकायची वस्तू कशी असेल?

जुन्या लोकांनी बेस आधी ठेवला होता

उत्तर प्रदेशातल्या कनौजची पारंपरिक अत्तरं कशी काढतात ते पाहिलं की हे चटकन कळतं. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी, खाली मंद आच. देगेतून बांबूची नळी निघते आणि पाण्याच्या हौदात ठेवलेल्या भपका नावाच्या भांड्यात उतरते. त्या भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं. गुलाबाची, केवड्याची वाफ येऊन त्या तेलातच निवते. पाणी काढून टाकायचं आणि त्याच तेलावर पुन्हा नवी फुलं चढवायची. म्हणजे फूल यायच्या आधी चंदन तिथे हजर! पहिल्या पावसाचा वास देणारं मिट्टी अत्तरसुद्धा असंच, भाजलेल्या मातीची वाफ चंदनात उतरवून.

आणि कनौजला जायचीही गरज नाही. दिवाळीच्या उटण्याची पुडी घ्या. नागरमोथा, कचोरा, वाळा, चंदन: सगळी मुळं, कंद आणि लाकूड. बऱ्याच उटण्यांत संत्र्याची साल असते, तिचा वास पुडी फोडताना येतो. नरकचतुर्दशीला पहाटे कढत पाण्याने अंघोळ करून फराळ झाला, दुपारची झोपही झाली, तरी पंचाला जो वास उरतो तो नागरमोथ्याचा आणि कचोऱ्याचा. ज्या कोणी पहिल्यांदा ही यादी केली त्याला बेस नोट हा शब्द ठाऊक नव्हता, पण काम पक्कं ठाऊक होतं.

माझ्या मिश्रणाची दुरुस्ती

आत्याला दिलेलं मिश्रण, १० ग्रॅमचं: गोड संत्रं ४.५, लिंबू २, लॅव्हेंडर २, जिरेनियम १.२, चंदन ०.३. म्हणजे पासष्ट टक्के माल पहिल्या अर्ध्या तासात पळणारा आणि बेस तीन टक्के. शिवाय लिंबाचं तेल साल दाबून काढलेलं होतं. असं तेल त्वचेवर लावून उन्हात गेलं की डाग पडू शकतात, म्हणून अंगाला लावायच्या तयार परफ्यूममध्ये ते २ टक्क्यांच्या वर नको, असा या व्यवसायाचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. मी १५ टक्के मिश्रण आणि बाकी अल्कोहोल घेत होतो, म्हणजे लिंबू ३ टक्के. आत्याला डाग पडले नाहीत हे तिचं नशीब आणि माझंही.

दुरुस्त केलेलं, तेही १० ग्रॅमचं: गोड संत्रं २, गवती चहाचं तेल ०.२, लॅव्हेंडर १.२, जिरेनियम १.६, हेडिओन २, वाळा ०.६, चंदन १.२, पॅचौली ०.४ आणि व्हॅनिलिनचं १० टक्क्यांचं द्रावण ०.८.

लिंबू पूर्ण काढलं. त्याची जागा गवती चहाने भरली. त्यातला सिट्रल लिंबासारखाच लागतो, पण लिमोनीनपेक्षा चिवट. हेडिओन हा मघाशी म्हटलेला पूल. जाईची आठवण करून देणारा, हलका, हवेशीर पदार्थ. १९६६ साली आलेल्या दिओरच्या ओ सोव्हाज या परफ्यूममुळे तो गाजला. संत्रं ओसरतं आणि वाळा अजून जागा झालेला नसतो, तो वेळ हा भरून काढतो. पॅचौली म्हणजे गजऱ्यात मरव्या-दवण्याबरोबर ओवतात त्या आपल्या पाचेची जवळची बहीण. जपून घाला, बोट दिलं की हात धरते.

क्रम महत्त्वाचा. आधी फक्त वाळा, चंदन, पॅचौली आणि व्हॅनिलिन एकत्र करून आठवडाभर अंधाऱ्या कपाटात ठेवलं. मग नुसता तो बेस मनगटावर लावून दिवसभर वावरलो. सातव्या तासाला जे उरणार ते हेच, मग ते एकटं आवडायला नको का? मला वाळा जास्त वाटला, १ ग्रॅमवरून ०.६ वर आणला. त्यानंतर जिरेनियम आणि हेडिओन, सर्वात शेवटी संत्रं. पूर्ण झाल्यावर आणखी तीन आठवडे ठेवलं. ताजं मिश्रण प्रत्येक घटक वेगवेगळा ओरडत असल्यासारखं लागतं. लोणच्यासारखंच, मुरल्याशिवाय त्याला न्याय देऊ नये.

नव्या कुपीची पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी मातकट-गोड लागत होती. आत्याचा फोन या वेळी संध्याकाळी आला.

ही सगळी मापं वजनाची आहेत, थेंबांची नाहीत. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्याच. वाळ्याचं तेल मधासारखं दाट, त्याचा थेंब टपोरा पडतो आणि संत्र्याचा बारीक. थेंब मोजून केलेलं मिश्रण दुसऱ्यांदा तसंच जमत नाही, आणि मग "मागच्या वेळी टिकलं होतं, या वेळी का नाही?" हा नवा प्रश्न सुरू होतो.

उलटा बिघाड: सगळ्याला देवघराचा वास येतो

टिकत नाही म्हणून घाबरून बेस वाढवणाऱ्यांची ही पुढची तक्रार. वास टिकतो, पण संत्रं मेलेलं असतं आणि अंगाला धुपाटणं फिरवल्यासारखं वाटतं. असं मिश्रण फेकू नका. त्याच्यातला जड भाग तुम्हाला लिहिलेल्या मापांवरून माहीत आहे. तेवढा भाग सोडून बाकीचं नव्याने बनवा आणि त्यात हे जुनं थोडं थोडं, पाव-अर्धा ग्रॅम करत मिसळा. जुनं मिश्रण आता तुमचा बेस झालं. माझ्याकडे अशी एक फसलेली बाटली आहे, तिने आतापर्यंत चार चांगली मिश्रणं उभी केली.

प्रमाणाचा सरधोपट नियम म्हणून ३०-५०-२० असं सांगितलं जातं: टॉप, मिडल, बेस. सुरुवातीला धरायला ठीक आहे. पण २० टक्के चंदन आणि २० टक्के पॅचौली यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चंदन पाहुण्यासारखं बसतं, पॅचौली घर ताब्यात घेते.

बेस घातला, तरीही टिकत नाही?

मग बेसच्या बाटलीवर संशय घ्या. शंभर-दीडशे रुपयांत १० मिलि 'शुद्ध चंदन तेल' मिळालं असेल तर त्यात चंदन किती आणि पातळ करायला घातलेलं बिनवासाचं द्रव्य किती, हा प्रश्नच आहे. मोहम्मद अली रोडवरचा प्रामाणिक अत्तरवाला स्वतःच सांगतो की या भावात चंदन विसरा. एक थेंब पट्टीवर लावून दोन दिवस थांबा. चंदन असेल तर मऊ, दुधट वास अजून येईल. नुसता तेलकट डाग राहिला आणि वास नाही, तर तुम्ही लिक्विड पॅराफिन विकत घेतलंय. परवडत नसेल तर सँडॅलोर किंवा जॅव्हॅनॉलसारखे कृत्रिम चंदनी पदार्थ लाज न बाळगता वापरा. 'वेस्ट इंडियन चंदन' म्हणून ॲमिरिस विकतात. ते झाड लिंबू-संत्र्याच्या कुळातलं, चंदनाशी त्याचं नातं नाही, पण बेस म्हणून बरं आहे.

नावांचा घोळ इथे फार होतो. आपण घरात निखाऱ्यावर घालतो तो ऊद म्हणजे राळेसारखा डिंक. अरबी अत्तरांतला ऊद म्हणजे अगरूचं लाकूड. दोन्ही बेस नोट, पण वास, किंमत सगळं वेगळं. आणि 'अस्सल कस्तुरी' कोणी देऊ केली तर हात जोडा. कस्तुरीमृग १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे ती वस्तू एकतर नकली असते किंवा बेकायदा. कस्तुरीची सौम्य आठवण हवी असेल तर कस्तुरभेंडीच्या बियांचा अर्क मिळतो. महाग आहे, पण सुरेख.

दुसरा संशयित म्हणजे पातळ करायचं माध्यम. सॅनिटायझर किंवा सर्जिकल स्पिरिट वापरून "दवाखान्यासारखा वास येतो" असं कळवणारे लोक आहेत. येणारच! सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीनही असतं, ते चिकट थर सोडतं. परफ्यूमसाठीचं अल्कोहोल मिळत नसेल तर सरळ तेलात अत्तर करा. फक्त व्हॅनिलिनची पूड तेलात टाकू नका, ती नीट विरघळत नाही आणि तळाशी बसते. मग वरचा भाग बिनबेसचा, तळाचा नुसता व्हॅनिला. अल्कोहोलमधल्या परफ्यूमसाठी आधी अल्कोहोलमध्ये किंवा डायप्रोपिलीन ग्लायकॉल या बिनवासाच्या द्रावकात तिचं द्रावण करून घ्या. पण ग्लायकॉलचं द्रावण तेलात मिसळत नाही, तेव्हा तेलातल्या अत्तरात व्हॅनिलिन टाळलेलंच बरं.

तिसरं, लावायची जागा. कोरड्या त्वचेवर वास लवकर जातो. अंघोळीनंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर लावून त्यावर परफ्यूम लावला तर फरक पडतो. मे महिन्यातल्या मुंबईत घामाबरोबर सगळंच वाहतं, तिथे बेसला दोष देण्यात अर्थ नाही. कानाच्या पाळीच्या वळणात अत्तराचा फाया ठेवायची जुनी रीत या कामी अजूनही सर्वात चांगली: कापूस तेल धरून ठेवतो आणि घाम तिथवर फारसा पोचत नाही.

कपड्यावर वास त्वचेपेक्षा जास्त टिकतो, हे खरं. पण तेलातलं अत्तर पैठणीला लावू नका, डाग निघत नाही. आणि व्हॅनिलिन असलेलं मिश्रण पांढऱ्या झब्ब्यावर तर अजिबात नको. व्हॅनिलिन जुनं होताना तपकिरी पडतं, मोगरा-जाईसारख्या फुलांच्या अर्काबरोबर आणखी लवकर. बाटलीतलं मिश्रण चहाच्या रंगाचं झालं म्हणून ते खराब झालं असं समजू नका. हुंगून बघा, वास बरोबर असेल तर वापरा. माझ्या लग्नाच्या वाढदिवसाच्या झब्ब्याच्या कॉलरवर मात्र एक बदामी चांदवा कायमचा आहे, आणि बायको तो पाहुण्यांना दाखवते.